थोरलीने कान धरले

आपला स्वेटर दाढीवाल्याच्या अंगात दिसला, तेव्हाच थोरलीने ओळखायला हवं होतं की या वस्तीत आपलं असं काही शिल्लक राहायचं नाही.

तपकिरी, पुढे बटणांचा, तिने स्वतः विणलेला स्वेटर. धुऊन दोरीवर घातला, आणि दोरीवरून तो कपाटात गेला. इथे कपाट एकच. लांबलचक खोली, भिंतभर फळ्या, फळ्यांवर सगळ्यांचे कपडे. लागेल ते घ्यायचं, वापरायचं, धुऊन परत ठेवायचं. दाढीवाला सकाळी भट्टीवर पाव भाजायचा. त्याला गार वारा लागला, हाताला आलं ते त्याने चढवलं. पोटावर ताणून ताणून विणीची पार चाळण झाली होती. आणि वर तो थोरलीकडे बघून हसला, छातीवरून हात फिरवून 'झकास आहे' अशी खूण केली.

"अगं, तो माझा आहे!" थोरली म्हणाली.

"तोही तेच म्हणतोय, त्याचा आहे," धाकटी म्हणाली. "गप पाव खा, ताई."

दोघी बहिणी साठी ओलांडलेल्या. धाकटी एका शाळेच्या कचेरीत कारकून होती. तिचं लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. थोरलीचे यजमान वारले, तेव्हापासून दोघी एकाच घरात, एकाच गॅसवर. थोरली बोलायची, धाकटी ऐकायची. घर असं छान चाललं होतं. थोरलीची लेक परदेशात नोकरीला होती. तिने दोघींना फिरायला बोलावलं. तिचं घर म्हणजे काडेपेटी. तिघी आत शिरल्या तर चौथी काडी मावेना. म्हणून सुट्टी काढून ती दोघींना घेऊन या वस्तीत आली. पूर्वी ती स्वतः इथे राहून गेली होती.

वस्ती म्हणजे एक उतार. काही माणसांनी मिळून तो घेतला, माती आणि पेंढा कालवून त्यावर घरं बांधली. वीज उन्हाची, पाणी छपरावरून उतरलेलं, भांडी धुतलेलं पाणी भाजीला. संडासात पाणी नाही. काम झालं की वरून लाकडाचा भुसा टाकायचा. पहिल्या दिवशी थोरली संडासातून बाहेर आली ती गिरणीतून आल्यासारखी.

"टाकायचा खाली असतो, आई," लेक म्हणाली.

"खालीच टाकला! वाऱ्याने वर आला!"

त्याच दिवशी दाढीवाल्याने विचारलं, कोणाला काय काम आवडेल. लेक मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. थोरलीने भाजी निवडणं घेतलं. मग त्याने धाकटीला विचारलं.

"तिला बसून करायचं द्या," थोरली म्हणाली. "गुडघे दुखतात तिचे. ती पण भाजीच निवडेल."

लेकीने ते सांगितलं. दाढीवाल्याने मान डोलावली, आणि धाकटीकडे बघून तोच प्रश्न पुन्हा विचारला. जणू मधलं काही झालंच नव्हतं.

धाकटी गोंधळली. तिने थोरलीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. "बकऱ्या," ती म्हणाली.

"काय? चिमे, तू जन्मात कधी बकरीला हात लावलायस का?"

"नाही. म्हणून तर."

आणि तिथून चिमी सुटलीच. बकऱ्यांनी तिची ओढणी खाल्ली, ती हसली. बकरीने ढुशी देऊन तिला गवतात पाडलं, ती पडल्या पडल्या हसली. उंच सुतारीण होती एक, सगळी वस्ती तिच्या खांद्याखाली. थोरली तिला शिडी म्हणायची. त्या शिडीने चिमीला सायकल शिकवायला घेतली. चिमी उतारावरून "ताईऽऽ" करत खाली जायची आणि खाली गेल्यावर पावट्याच्या वाफ्यात थांबायची, कारण थांबायचं कसं ते शिकायचं बाकी होतं. वाफ्यात वेलांना रोज नव्या काठ्या रोवाव्या लागत. कोणी रागावत नसे. थोरली सोडून.

सभेत मत द्यायचं ते खुणांनी. इथे जे काही ठरायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि गलका नको म्हणून हातांच्या खुणा नेमलेल्या. 'हो' म्हणायचं असेल तर दोन्ही हात वर करून बोटं नाचवायची. थोरलीने पहिल्यांदा ती सभा पाहिली तेव्हा तिला वाटलं, हात धुतलेत आणि टॉवेल सापडत नाहीये सगळ्यांना. जेवण झाल्यावर किंवा सभेत कोणी तोंडावर तळवा ठेवला, तर त्याचा अर्थ, 'पोट भरलं, आता आठवडाभर मोठी भांडी माझ्याकडे.' हे कळलं ते धाकटीमुळे. पहिल्या रात्रीच्या जेवणानंतर तिला जांभई आली, तिने आपलं शिस्तीत तोंडावर हात धरला, आणि सगळ्या टेबलाने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. प्रवासाच्या शिणातून ती उठली ती सरळ मोरीत.

आणखी एक खूण होती. दोन्ही हात छातीपुढे एकमेकांवर आडवे घेतले की ते 'मी अडवते.' एकाने जरी असे हात घेतले तरी ठराव तिथल्या तिथे थांबायचा. लेक म्हणाली, वस्ती बसल्यापासून ही खूण एकदाच झालीय. कोणीतरी सगळी छपरं पोपटी रंगवायची म्हणत होतं तेव्हा.

एके दिवशी दोघी अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. धाकटी म्हणाली, "ताई, मी इथे राहायचं म्हणतेय."

"राहतोयच की आपण. निघायला अजून अवकाश आहे."

"नाही गं. वर्षभर. तू गेल्यावर पण."

थोरली हसली. मग धाकटी हसत नाही हे बघून तिने शेंगेतले दाणे सालींच्या ढिगात टाकले आणि सालं पातेल्यात.

"पोरीला विचारलं मी," धाकटी म्हणाली. "कागदांचं ती बघते म्हणाली. आता सभेत विचारायचं. सगळ्यांनी हो म्हटलं तर. तुझाही हात लागेल, बरं का. इथे ताटाला बसला त्याला हात आहे."

"माझं काय, मी हो म्हणेन," थोरली म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आणि तिने तसं ठरवलंही होतं. सभेच्या दिवशी सकाळी तिने खोलीतल्या आरशासमोर उभं राहून दोन्ही हात वर करून बोटं नाचवून पाहिली. चेहरा मात्र जमेना. बोटं हो म्हणत होती आणि चेहरा दात काढायला बसवल्यासारखा. पुन्हा केलं. लेक दारात येऊन उभी राहिली.

"आई, काय करतेस?"

"हात वाळवतेय."

त्या दिवशी संडासात भुशाची बादली भरून ठेवायची पाळी थोरलीची. ती बादली घेऊन गेली, आणि दार आतून अडकलं. लाकडी दार, दमट हवेने फुगलेलं. तिने ढकललं, ओढलं, खांदा लावला, लेकीला हाका मारल्या. सगळी वस्ती सभेला गेलेली. शेवटी देवाचं नाव घेऊन तिने दाराला पाठीने धडक मारली आणि दारासकट बाहेर आली.

सभेची खोली गोल होती. सभा सुरू व्हायच्या आधी सगळे थोडा वेळ डोळे मिटून गप्प बसायचे. नेमकी त्याच वेळी थोरली धावतपळत आत शिरली. केसात भुसा, हातात रिकामी बादली, विसरून तशीच आणलेली. उंबऱ्याला पाय लागला आणि बादली हातातून सुटली. अशी तशी नाही सुटली. पत्र्याची बादली दगडी फरशीवर आपटली, उसळली, आणि ठणाणा करत माणसांच्या मधून घरंगळत थेट दाढीवाल्याच्या पायाशी जाऊन, स्वतःभोवती गिरक्या घेत घेत एकदाची थांबली.

सगळ्यांनी डोळे उघडले.

थोरलीने जीभ चावली, हात छातीपुढे आडवे घेतले, उजव्या हाताने डावा कान धरला, डाव्याने उजवा, आणि खांदे उडवून म्हणाली, "चुकलं, चुकलं!"

खोलीभर एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. शिडी बसल्या जागी उठून उभी राहिली, आणि ती उभी राहिली की ते सगळ्यांना दिसायचंच. दाढीवाला आपल्या पोटावरच्या, म्हणजे थोरलीच्या, स्वेटरचं बटण पिरगळत राहिला.

"आई!" लेक ओरडली. "हात खाली घे! अडवलंस तू!"

"कोणाला?"

"मावशीला! तिचाच ठराव आहे आता!"

थोरलीने कान सोडले. लेक धडाधड तिकडच्या भाषेत सांगत सुटली, की आमच्याकडे ही माफी मागायची रीत आहे, उशीर झाला म्हणून, बादली पडली म्हणून. खोलीतले चेहरे सैल झाले. कोणीतरी हसलं. दाढीवाल्याने हात वर करून लेकीला थांबवलं आणि थोरलीकडे बघून शांतपणे विचारलं. लेकीने सांगितलं, "तो म्हणतो, तुझ्या तोंडून ऐकायचंय. चुकून झालं ना?"

इतकं सोपं होतं. 'हो' म्हणायचं आणि खाली बसायचं. थोरलीने तोंड उघडलं. समोर धाकटी बसली होती, केसांना बकरीचं गवत चिकटलेलं, डोळे लग्नघरातल्या करवलीसारखे चमकत होते. थोरलीला घरची धाकटीची रिकामी खुर्ची दिसली.

"राहू दे," ती म्हणाली.

"काय राहू दे?"

"आता झालंय तर राहू दे तसंच."

लेकीने ते सांगितलं की नाही कोण जाणे. सांगायची गरजच नव्हती. धाकटी थोरलीकडे बघत होती. ती रागावली असती तर परवडलं असतं. ती नुसती तोंड उघडं टाकून बघत होती, सायकल वाफ्यात शिरायच्या आधी बघायची तशी.

आता इथली रीत अशी, की ज्याने अडवलं आणि ज्याला अडवलं, त्यांनी भांडायचं नाही, समजावायचं नाही. दोघांनी मिळून लाकडं कापायची. एकच करवत, माणसाएवढी लांब, दोन्ही टोकांना मुठी. ओंडके कापून झाले की पुन्हा सभेत येऊन सांगायचं. पोपटी छपरांचा वादही त्याच करवतीवर मिटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीने दोघींना लाकडाच्या शेडमध्ये उभं केलं. लाकडी घोडीवर आडवा ओंडका, एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. धाकटीने शिडीला दोन मराठी शब्द शिकवले होते, ते ती मोठ्या अभिमानाने म्हणाली, "ओड! सोड!" आपल्याकडे ओढायचं, मग मूठ सैल सोडायची, की समोरचीने ओढायचं. ढकलायचं कधीच नाही. बोट उगारून तिने ते पुन्हा सांगितलं. ढकलायचं नाही.

थोरलीने लगेच ढकललं. पातं धनुष्यासारखं वाकलं आणि 'टँऽऽव' करून गायलं.

"ओड!" शिडी ओरडली.

"ओढतेच आहे!"

"ताई, तू ढकलतेयस," धाकटी म्हणाली. हा तिचा कालपासूनचा पहिला शब्द.

"मी मदत करतेय तुला!"

"तेच तर. नको करूस!"

हळूहळू जमायला लागलं. थोरलीने ओढलं, घर्रर्र. धाकटीने ओढलं, आणि परत जाताना पात्याला बारीक शिट्टी लागली. घर्रर्र, फ्यूऽऽ. घर्रर्र, फ्यूऽऽ. भुसा उडत होता. धाकटीचा चेहरा आधी ताठ होता, मग ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा. तिने खालचा ओठ दाताखाली धरला.

"काय झालं?" थोरली म्हणाली.

"काही नाही."

घर्रर्र, फ्यूऽऽ.

"अगं, काय झालं?"

"भाऊजी," धाकटी कशीबशी म्हणाली.

"काय भाऊजी?"

"घोरायचे ना. अगदी हेच. आणि शेवटी ती शिट्टी..."

थोरलीने मुद्दाम सावकाश एकदा ओढलं, कान देऊन. घर्रर्र. धाकटीने तिकडून ओढलं. फ्यूऽऽ. तीस वर्षं ज्या आवाजाने तिला झोप लागली नव्हती, आणि नंतर ज्याच्याशिवाय लागली नव्हती, तोच. हुबेहूब. मध्ये गाठ आली तशी करवत अडखळली, आणि पुन्हा सुरू झाली, कूस बदलल्यासारखी.

"कूस बदलली!" थोरली किंचाळली.

मग दोघींची जी वाट लागली ती लागली. थोरली ओंडक्यावर डोकं टेकून हसली. धाकटी करवतीची मूठ धरूनच खाली बसली. एकीचं थांबायचं, दुसरी पात्याला नुसतं बोट लावायची, पातं 'फ्यूऽ' करायचं, की पुन्हा सुरू. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते बघून शिडीला वाटलं, दोघी रडतायत. ती घाबरून पळाली आणि पाण्याचा मोठा जग घेऊन आली. दोघींनी पाणी प्यायलं, आणि धाकटीच्या नाकातून ते बाहेर आलं.

हसू ओसरलं. धाकटीने बाहीने डोळे पुसले.

"ताई, एक सांग. कान का धरलेस?"

"उशीर झाला म्हणून. बादली पडली म्हणून. देवाशपथ."

"मग कान सोडल्यावर का नाही बोललीस?"

थोरलीने पात्याच्या दातांमधला भुसा नखाने काढला. "आयतंच जमलं होतं ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "घरी गेल्यावर मी ओरडू कोणावर? 'चिमे, गॅस बंद केलास का?' असं कोणाला विचारू?"

"पण गॅस तूच चालू ठेवतेस!"

"मला माहीत नाही का ते? पण विचारायला कोणी लागतं की नाही?"

"फोनवर विचार."

"आणि तू इथून काय करणार?"

"बंद केला म्हणून सांगेन. घरी असताना पण तेच सांगायचे. न बघता."

"न बघता?" थोरलीने डोळे वटारले. "इतकी वर्षं?"

"ताई, मला सर्दी झाली तरी डॉक्टरला तू सांगतेस कुठे दुखतंय."

"कारण तुला सांगता येत नाही! तू नुसतं 'होतंय काहीतरी' म्हणतेस."

"मग तो विचारेल ना पुढे! त्याचं कामच आहे ते!" धाकटीचा आवाज चढला, आणि तो चढलेला ऐकून तिची तीच चकित झाली. "इथे ती बकरी ढुशी मारते ना, ती मला मारते. मलाच. तुझ्या धाकट्या बहिणीला नाही मारत."

थोरलीने मूठ धरली, धाकटीने धरली. ओढ, सोड. ओढ, सोड. ओंडका तुटायला बोटभर राहिला आणि करवत अडली. धाकटी ओढतेय, करवत हलत नाही.

"सोड ना गं," धाकटी म्हणाली.

"सोडलंय मी."

"नाही सोडलंस."

"सोडलंय म्हणते ना..." थोरलीने खाली पाहिलं. मुठीची बोटं पांढरीफटक पडली होती. आपलीच बोटं, आपल्याला न विचारता धरून बसलेली. तिने ती एकेक करून उघडली, चिकट डब्याचं झाकण उघडावं तशी.

करवत सुसाट गेली. ओंडका तुटून धपकन पडला, धाकटी मागच्या मागे भुशाच्या ढिगात पडली आणि तिचे दोन्ही पाय वर गेले.

"लागलं का गं?"

"होतंय काहीतरी!" भुशातून आवाज आला.

"कुठे होतंय, ते नीट सांग!" थोरली म्हणाली, आणि पुढे दोघींना बराच वेळ काम सुचलं नाही.

पुढच्या सभेला थोरली सगळ्यांच्या आधी येऊन बसली. बादली तिने बाहेर, उंबऱ्यापासूनही लांब ठेवली. डोळे मिटून झाल्यावर ती उठली, हात छातीपुढे आडवे घेतले, सगळ्यांना नीट दाखवले, आणि दोन्ही बाजूंना मोकळे सोडले. कानाला अजिबात लावले नाहीत. खोलीत समाधानाचा एक हुंकार फिरला.

मग दाढीवाला धाकटीकडे वळला आणि त्याने काहीतरी विचारलं. लेकीने सांगितलं, "मावशी, तो विचारतोय, तुला इथे का राहायचंय?"

धाकटी उभी राहिली. "म्हणजे..." ती म्हणाली. "असं आहे की..." ती थांबली. तिने कुर्ता सारखा केला, घसा साफ केला. "होतंय काय, की..."

थोरलीला सगळं उत्तर पाठ होतं. बकरी, ढुशी, डॉक्टर, सगळं. ते जिभेच्या टोकावर येऊन उड्या मारत होतं. अजून क्षणभर आणि ते बाहेर पडलंच असतं. तिने ओठ मिटले, ते पुरेना, म्हणून तिने तळवा उचलला आणि तोंडावर गच्च दाबून धरला.

धाकटी बोलली. सावकाश, अडखळत, पण स्वतः बोलली. "मला बकऱ्या सांभाळायच्यात," ती म्हणाली. "आणि थांबायचं कसं ते शिकायचंय. सायकलवर. ते झालं की मग पुढचं बघीन."

लेकीने सांगितलं आणि खोली हसली. हात वर गेले, बोटं नाचायला लागली. पण टाळ्याही वाजल्या, आणि सगळे धाकटीकडे नाही, थोरलीकडे बघत होते. दाढीवाला तर उठून आला. त्याने तिचा मोकळा हात दोन्ही हातांत घेऊन जोरजोरात हलवला.

"काय म्हणतोय हा?" थोरलीने तळव्याआडून विचारलं.

लेक हसू दाबत होती. "आई, आठवडाभर मोठी भांडी तुझ्याकडे."

परत जायला तेवढेच दिवस उरले होते. थोरली मोरीच्या खिडकीशी उभी राहून, तिच्या अर्ध्या अंगाएवढी पातेली घासत होती. समोर उतार दिसत होता. हातावर कोपरापर्यंत फेस. दाढीवाला तिचा स्वेटर धुऊन, घडी करून घेऊन आला आणि तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली आणि कपाटाच्या खोलीकडे हनुवटीने खूण केली. ठेव तिथेच. लागेल कोणाला तरी.

तेवढ्यात वरून "ताईऽऽ" आलं. धाकटी सायकलवर, मागे दोन बकऱ्या, त्यांच्यामागे लांब ढांगा टाकत शिडी. वाफा जवळ आला. धाकटीने दोन्ही मुठी गच्च आवळल्या, सायकल करकरली, आणि वाफ्याच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबली. थांबली! बकऱ्या मात्र थांबल्या नाहीत. त्या सरळ पावट्यात गेल्या.

धाकटी एक पाय टेकून, धापा टाकत खिडकीकडे बघत होती. "ताई!" तिने हाक मारली. "मी खरंच राहू ना गं?"

थोरलीने टॉवेलसाठी इकडेतिकडे पाहिलं. टॉवेल कुठेच नव्हता. तिने दोन्ही ओले हात वर केले आणि सगळी बोटं जोरजोरात झटकली. फेस खिडकीबाहेर उडाला.

"म्हणजे हो?" धाकटी ओरडली.

"म्हणजे टॉवेल सापडत नाहीये!" थोरली ओरडली, आणि बोटं नाचवत राहिली. "बकऱ्या बघ आधी, चिमे, बकऱ्या!"